कुंकवाचं बटण

१

सुकलालला त्या यंत्राची दोनच बटणं ठाऊक होती. एकावर सुनेने कुंकवाचं बोट टेकवलं होतं, दुसऱ्यावर हळदीचं. बाकी सगळ्या बटणांवर अक्षरं होती आणि अक्षरांशी त्याची कधी सोयरीक जुळली नाही. रंगाशी मात्र जुळली. सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तीस वर्षं त्याने कापड रंगवलं, अजून नखांच्या मुळाशी निळं होतं.

काम तसं काहीच नव्हतं. घरातल्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता. धर्मेंद्र, त्याचा मुलगा, पर्वत पाटिया भागात एका शेठकडे साड्यांच्या डिझाइनचं ट्रेसिंग करायचा आणि घरी हे जुनं यंत्र आणून स्वतःची डिझाइनं काढायचा. चाळीस काठ तयार होते. शनिवारी ते शेठला दाखवायचे. पसंत पडले तर शेठ त्याला डिझाइनर म्हणून टेबल देणार होता, नाही पडले तर जन्मभर दुसऱ्याच्या रेघांवरून रेघा ओढायच्या. पण व्हायरससकट फ्लॉपी शेठच्या यंत्रात गेली असती तर टेबल सोडा, उंबराही दिसला नसता.

"आबा, हे आपलं आपलं शोधत राहील," धर्मेंद्रने लूनाला किक मारण्याआधी समजावलं. "सापडलं की थांबेल, पीप करेल, लाल पट्टी येईल. मग कुंकू दाबायचं. कुंकू म्हणजे काढून टाक. हळद म्हणजे राहू दे. हळद दाबायचीच नाही."

"दाबायचीच नाही तर लावली कसाले?"

"कुठलं दाबायचं नाही ते कळायला," सून योगिता स्टोव्हजवळून म्हणाली. "तुम्ही बसा हो आबा. तुमच्याइतका धीर या घरात कोणाला आहे?"

ते खरं होतं. रंगाच्या कुंडाशी उभा राहिलेला माणूस घाई विसरतो. सुकलाल स्टुलावर बसला आणि बसून राहिला. पडद्यावर पांढऱ्या मुंग्यांच्या ओळी वर सरकायच्या, थांबायच्या, पीप व्हायचं, तो कुंकू दाबायचा. मग पुन्हा मुंग्या. कोपऱ्यातला एक आकडा प्रत्येक वेळी एकाने कमी व्हायचा. आकडे त्याला कळत. मिलमध्ये पाण्याचा ताप बघायला शिकला होता.

त्या गल्लीत दिवसरात्र लूम चालायचे. भिंतीला कान न लावताही त्यांची खटखट हाडात यायची. फक्त बुधवारी लूमला रजा. त्या बुधवारी दुपारी, आकडा बारावर आला असताना, सुकलालला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. पत्र्याच्या पेटीतून. तीन ठोके. मग थोडं थांबून एक.

यंत्र आहे, आत काहीतरी फिरतंय, आपटत असेल. त्याने तसं ठरवलं आणि कुंकू दाबलं.

आकडा अकरा व्हायला हवा होता. तेरा झाला.

२

गुरुवारी सकाळी धम्मरत्न आला. उधन्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्याचा बाप सुकलालबरोबर एका पाळीला असायचा, म्हणून काका म्हणायचा आणि हक्काने चहाही मागायचा.

"काका, आता तुम्हीच क्लासला बसा. तुमचा पोरगा काही शिकत नाही. दिसेल ती फ्लॉपी तोंडात घालतो."

"दोनदा पुसून दिलंस तू," धर्मेंद्र म्हणाला. "दोन्ही वेळा परत आला."

"तुझ्या फ्लॉप्यांतून आला. आज फ्लॉप्यांनाही आंघोळ घालतो."

सुकलालने हळूच ठोक्यांचं सांगितलं. धम्मरत्न हसला नाही. "सुई आपटत असेल आतली. म्हातारी डिस्क आहे." त्याने पेटीचे स्क्रू काढले, आतून पाटीसारखा एक चपटा डबा काढला आणि पिशवीतला दुसरा बसवला. "ही कोरी. हिच्यावर काही म्हणजे काही नाही. डिझाइनंसुद्धा नंतर टाकू. आधी नुसतं तपासून दाखवतो, म्हणजे काकांची खात्री पटेल."

यंत्र चालू झालं. मुंग्या निघाल्या. दोन ओळी झाल्या नाहीत तोच पीप झालं आणि लाल पट्टी आली.

धम्मरत्नने चहाचा कप खाली ठेवला. पडद्याजवळ तोंड नेलं. मग त्याने बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. "असं होत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने आणखी हळू म्हणाला, "कोऱ्या पाटीवर असं होत नाही."

"मग आता?"

"एक नवा प्रोग्राम आलाय. उद्या सकाळी आणतो. तोवर काका, तुम्ही कुंकू दाबत राहा. निदान वाढायचा तरी नाही." जाता जाता तो जुनी डिस्क पिशवीत घालायला वाकला, हातात घेतली, आणि कानाशी नेल्यासारखं करून तशीच टेबलावर ठेवून गेला.

३

धर्मेंद्र कामावर गेला. सुकलाल दाबत राहिला. लूम चालू होते, त्यामुळे कानाला काही कळत नव्हतं. पण पेटीवर तळहात ठेवला की कळायचं. तीन, मग एक. दुपारी त्याने मनाशी ठरवलं की एकदाचं बघूनच टाकू. भिंतीतला खटका बंद केला. पडदा काळा झाला. आतला पंखा घरघरत थांबला. मग त्याने प्लगही काढला आणि वायर हातात धरून उभा राहिला, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने नीट काढला नाही.

तळहात पेटीवर ठेवला.

तीन. मग एक.

लूमचा हादरा असेल. भिंतीतून टेबलात, टेबलातून पेटीत. पण लूमचा हादरा वाट बघत नाही. हे ठोके वाट बघायचे. तीन वेळा विचारून ऐकायला थांबावं, आणि कोणी बोललं नाही म्हणून आणखी एकदा, जरा हळू, विचारावं, तसं.

योगिता ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. शेजारी निशा खेळत होती, साडेतीन वर्षांची.

"उन्हात कसाले बसली, पोरी? आत ये ना."

"बरंय इथे."

"रोज इथेच बसतेस दुपारची."

योगिताने वर पाहिलं नाही. एक खडा काढून गटारीत टाकला. "तुम्हाला आज ऐकू आलं का?" तिने विचारलं.

सुकलालने तळहात धोतराला पुसला.

"मला तर यंत्र आणायच्या आधीपासून येतं," ती म्हणाली. "तेव्हा दारातून यायचं. यंत्र आल्यापासून दार गप्प आहे. मी म्हटलं, चला, बरं झालं."

"धर्मेंद्रला सांगितलं?"

"एकदा सांगितलं होतं. दोन दिवस जेवला नाही. मग नाही सांगितलं." तिने सूप उचललं आणि निशाला हाक मारली. "आबा, मी काही विचारत नाही. त्या वेळी मी पोटुशी होते, मला तुम्ही जे सांगितलं ते मी धरलं. पण शनिवारचं काम होऊ द्या. एवढं होऊ द्या."

४

चार वर्षांमागे, प्लेगच्या त्या सप्टेंबरात, स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतली खानदेशची घरं दोन दिवसांत रिकामी झाली. योगिताला सातवा महिना होता. आणि नेमका त्याच सकाळी सुकलालच्या बायकोला, पुष्पाबाईला, ताप भरला.

प्लेगचा की साधा हिवताप, कोणाला ठाऊक. गाठ नव्हती, खोकला नव्हता. पण तापलेल्या बाईला डब्यात कोणी चढू दिलं नसतं. आणि इथे तापाचं माणूस दिसलं की उचलून नेतात, मग घरच्यांनाही दाखवत नाहीत, अशी बोलवा होती. खरी की खोटी हे विचारायला कोणी थांबलंच नव्हतं.

तोड धर्मेंद्रने काढली. योगिताला शिंदखेड्याला तिच्या माहेरी पोचवायचं आणि दोन दिवसांत परत फिरायचं. तोवर मायने घरात पडून राहायचं. बाहेरून कुलूप दिसलं की घर रिकामं समजून कोणी वळून बघणार नाही. समोरच्या मालतीबाई जाणार नव्हत्या, त्या दाराच्या वरच्या जाळीतून हाक देतील. सुकलाल म्हणाला, एवढ्या गर्दीत पोटुशी बाई एकट्याने कशी चढवशील, मीपण येतो. लोकांना त्याने पुढेही हेच सांगितलं. खरं एवढंच होतं की तो भ्याला होता.

उशाशी भाकरी ठेवल्या, गोळ्या ठेवल्या. धर्मेंद्रच्या दोन्ही हातांत बॅगा, म्हणून कुलूप सुकलालने लावलं. किल्ली फिरवताना आतून पुष्पाबाई म्हणाली, "जा तुम्ही. मी आठेच शे." ती इथेच आहे, कुठे जात नाही, असं त्यालाच धीर देत होती.

गावाने त्यांना शिवेवर अडवलं. सुरतेहून आलेली सगळी माणसं शाळेत कोंडली, नऊ दिवस. मालतीबाई तर त्याच संध्याकाळी निघून गेल्या होत्या. बापलेक अकराव्या दिवशी परतले. गल्लीत कुत्रंही नव्हतं.

दाराच्या आतल्या बाजूला, सगळ्यात खालच्या फळीवर, उभ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, तळहाताएवढा रंग खरवडून निघाला होता. धर्मेंद्रने दुसऱ्याच दिवशी डबा आणून ते दार आतून रंगवलं. सगळ्यांना सांगितलं, प्लेगात गेली. लोकही म्हणाले, हो, त्या सालात फार गेले.

त्यानंतर बापलेक एका ताटाशी बसायचे, एका छपराखाली झोपायचे, पण त्या अकरा दिवसांतला एक शब्दही कोणी कधी काढला नाही.

५

शुक्रवारी सकाळी धम्मरत्न नव्या प्रोग्रामच्या फ्लॉप्या घेऊन आला. रात्रभर झोपला नसावा, किंवा झोपूनही उपयोग झाला नसावा. जुनी डिस्क अजून टेबलावर होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"हा मारत नाही," तो म्हणाला. "जो मरतच नाही त्याला हा वेगळ्या खोलीत घालतो. बाहेरून कडी. आत असतो तो, जिवंत असतो, पण कोणाला हात लावू शकत नाही. बाकी यंत्र आपलं सुखाने चालतं. डिझाइनं सुटतील तुझी."

"म्हणजे कोंडतो," सुकलाल म्हणाला.

"हो काका. त्याला कॉरंटाइन म्हणतात." सुरतेत तो शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. धम्मरत्नलाही बोलल्यावर ते कळलं असावं. तो घाईने फ्लॉप्या बदलू लागला, आधी डिझाइनांच्या, मग प्रोग्रामच्या.

"आत किती दिवस राहतो?"

"कायमचा, काका. तेच तर बरं आहे."

धर्मेंद्र दाराकडे पाठ करून शर्टाची बटणं लावत होता. वरून खालपर्यंत लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. "एकदाच विचारेल, आबा," तो म्हणाला. "दुपारी कधीतरी. एकदाच कुंकू दाबायचं, झालं. मी पाचला येतो. आल्याबरोबर फ्लॉपी करून ठेवू." आणि लूनावर बसल्यावर, बापाकडे न बघता, "तुम्हाला जमेल ना?"

"बटण तर दाबायचं," सुकलाल म्हणाला.

६

दोन वाजले असतील. योगिता निशाला घेऊन बाहेर बसलेली. पीप झालं नाही. मुंग्या आपोआप थांबल्या, आणि पडदा जवळजवळ मोकळा झाला. मधोमध एक लाल पट्टी, तिच्यात एकच ओळ.

सुकलालचं बोट कुंकवाकडे गेलं आणि अर्ध्यावर राहिलं.

अक्षर त्याला येत नव्हतं हे खरं, पण एक शब्द त्याला येत होता. लग्नाच्या वर्षी सारंगखेड्याच्या जत्रेत गोंदणाऱ्या बाईने त्याच्या डाव्या हातावर बायकोचं नाव टोचलं होतं. वाचता येत नव्हतं म्हणून त्याने ते नक्षीसारखं पाठ केलं होतं. पहिल्याला खाली शेपूट. मधल्याच्या पोटात तिरपी काडी. शेवटी दोन उभ्या दांड्या, आणि सगळ्यांवरून एक आडवी रेघ, वळचणीसारखी. चाळीस वर्षं अंघोळ करताना बघितलं होतं.

तीच नक्षी मुंग्यांच्या ओळीत बसली होती. शेपूट, तिरपी काडी, दोन दांड्या.

त्याने बाही वर केली. हात पडद्याशी नेला. बघितलं. मग चष्म्याखालून डोळे चोळले, कारण वय झालेल्या माणसाने आधी डोळ्यांना दोष द्यावा. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. तो सावकाश होता म्हणून, नाहीतर एवढ्या वेळात कोणीही बटण दाबून मोकळं झालं असतं.

पेटीवर हात ठेवला तर पत्रा तापलेला. यंत्र चाललं की तापतं, धर्मेंद्र सांगायचा. पण हा तसा ताप नव्हता. हा कपाळाचा ताप होता, आतून ओलसर, आणि हाताखाली किंचित हलणारा.

ठोके आले नाहीत. आत कोणीतरी हात वर धरून थांबलेलं होतं, किल्ली कुठल्या बाजूला फिरते ते ऐकत.

कुंकू दाबलं की मुलाचं टेबल होतं, निशाची शाळा होती, सुनेची दुपार होती. सगळं रास्त होतं. त्या दिवशीही सगळं रास्तच होतं. योगिता होती, पोटातलं मूल होतं, दोनच दिवसांचा प्रश्न होता. रास्त नसतं तर त्याने कुलूप लावलं नसतं. सुकलालने दोन्ही हात मांड्यांखाली घातले, मिलमध्ये नवी पोरं मशीनजवळ बसताना घालायची तसे, आणि तो बसून राहिला. तीन वाजले. चार वाजले. यंत्रही त्याच्याएवढंच धिराचं निघालं.

७

धर्मेंद्र पाचला आला तेव्हा दारातून ऊन टेबलापर्यंत पोचलं होतं. लूमवाल्यांची पाळी बदलत होती, म्हणून गल्ली थोड्या वेळापुरती मुकी.

"झालं?" त्याने चपला काढता काढता विचारलं. मग पडदा दिसला. "अजून दाबलं नाही?"

"ती ओळ वाच," सुकलाल म्हणाला.

धर्मेंद्र जवळ आला. वाकला. त्याच्या मानेवर लूनाची धूळ होती आणि त्या धुळीतून घामाची एक रेघ खाली उतरली.

"इंग्रजी आहे, आबा."

"वाच तरी."

"फाइलचं काहीतरी नाव आहे. तुम्हाला काय कळणार त्यातलं."

सुकलालने डावा हात उघडा करून पडद्याशेजारी धरला. धर्मेंद्रने त्या हाताकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं, बाहेर निशाकडे पाहिलं. हातावर नजर जाऊ नये याची इतकी काळजी घेतली की सुकलालला वेगळं काही विचारावं लागलं नाही.

"सकाळी दहाला शेठ बसतो," धर्मेंद्र म्हणाला. "मी किती दिवस दुसऱ्याच्या रेघा ओढायच्या? तुम्हीच सांगा."

"मी हळद दाबतो. एवढी एक बारी."

"आबा, मला पोरगी आहे."

"ठाऊक आहे मला. तेव्हापण होती, पोटात."

असं चार वर्षांत कोणी बोललं नव्हतं. बोलल्यावर दोघंही जरा मागे सरले. सुकलालने उजवा हात मांडीखालून काढला आणि हळदीच्या बटणाकडे नेऊ लागला. तीस वर्षं रंगात भिजलेला हात, सावकाश उचलायचा, सावकाश ठेवायचा. धर्मेंद्रचा हात त्याच्या वरून गेला. कुंकवाचं बटण दाबल्याचा आवाज कुलपासारखा वगैरे काही झाला नाही. साधा झाला, बटणाचा.

लाल पट्टी गेली. पडद्यावर डिझाइनांची यादी उघडली, चाळीसच्या चाळीस. कोपऱ्यातला आकडा शून्य झाला. धर्मेंद्रने खिशातून फ्लॉपी काढली, पण यंत्रात घातली नाही. त्याच्या बोटाला कुंकू लागलं होतं, ते तो अंगठ्याने चोळत होता.

"आबा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी बॅगा बांधत होतो."

"हं."

"कळशी तुम्हीच भरली होती ना?"

सुकलालची नजर कोपऱ्याकडे गेली.

तो स्वतः त्या सकाळी मालतीबाईंकडे गोळ्या मागायला गेला होता. परत आला तोवर निघायची घाई. पाणी पोराने भरलं असेल, एवढं तो धरून चालला होता. अकराव्या दिवशी कळशी कोपऱ्यात पालथी होती. पुष्पाबाई रिकामी कळशी घासून तशीच पालथी घालायची. म्हणजे प्यायली, घासली, ठेवली, असं त्याला वाटलं होतं. नाही, वाटलं नव्हतं. वाटून घेतलं होतं.

"मला वाटलं, तू भरलीस," तो म्हणाला.

धर्मेंद्रच्या हातातली फ्लॉपी टेबलावर पडली. तो खाली बसला, जमिनीवर, दाराला पाठ लावून, आणि लगेच पाठ काढून घेतली.

"नळ तर बाहेर होता," तो म्हणाला. "गल्लीत."

"हो."

सुकलालने पेटीच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गार पडत चालला होता. त्याने कान लावला. धर्मेंद्रही गुडघ्यांवर सरकत आला आणि दुसऱ्या बाजूने त्याने कान लावला. ओट्यावर योगिताने निशाला गप्प केलं. लूम सुरू व्हायला अजून वेळ होता. बापलेक तसेच थांबले, एकदा तरी वाजावं म्हणून, एक तरी ठोका यावा म्हणून. आतून काहीच आलं नाही.